स्वखुशीनं दिलेले पैसे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तालमीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि मग अपार्टमेंटच्या ग्रुपवर असा तीनदा आला. आशय असा: बाबा-महाराजांना भक्त पैसे देतात ते स्वखुशीनं, त्याला फसवणूक म्हणणं हा श्रद्धेचा अपमान. डॉक्टर-इंजिनिअर रांगेत उभे असतात, ते काय खुळे आहेत? कायदा फक्त हिंदूंच्याच मागे लागतो. आणि खरंच कुणी फसलं असतं, तर पोलिसांत गेलं नसतं का?

मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसतो. ‘स्वखुशीने’ हा शब्द आमच्या अर्जावर छापूनच येतो. त्याखाली सही करणारे चेहरे मी रोज बघतो, त्यामुळे या शब्दावर माझा विश्वास जरा कमी आहे.

करवीर तालुक्यातल्या एक मावशी आधी पाटल्या घेऊन आल्या. दोन महिन्यांनी बोरमाळ. कर्जाचं कारण विचारलं की दोन्ही वेळा उत्तर एकच, शेती. मीही रकान्यात तेच लिहिलं. श्रावणात त्यांनी साज आणला. साजाच्या पानांत लाख भरलेली असते, म्हणून सराफ ती वजा करून सोन्याचं वजन धरतो. त्यानं आकडा सांगितला तशा मावशी खिडकीवर वाकल्या. “वजन कमी धरू नगा दादा, म्हाराजांनी आकडा सांगितलाय.”

मग सगळं बाहेर आलं. घरावर करणी आहे. सात अमावास्यांची पूजा. दर अमावास्येला रक्कम वेगळी, आणि कुणाला सांगितलं तर पूजा घरच्यांवर उलटणार.

आता याला दान म्हणायचं का? दानाचा आकडा देणारा ठरवतो. इथं घेणाऱ्यानं ठरवला, वर भीती घातली आणि वायदाही केला. अंबाबाईच्या पेटीत नोट टाकली की माणूस मोकळा होतो, देवी पुढच्या अमावास्येला फोन करत नाही. दैवी कोपाचा धाक घालून एखाद्याकडून काही करवून घेणं हा 1860 च्या दंड संहितेतही गुन्हा होता, कलम 508. आताच्या न्याय संहितेत ते 354 आहे. म्हणजे हे काही कालपरवाच्या पुरोगाम्यांनी काढलेलं खूळ नव्हे. अमेरिकेत जिम बेकर नावाच्या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकानं हजार डॉलरला एक अशा ‘आजीवन भागीदाऱ्या’ विकल्या: दरवर्षी तीन रात्री आमच्या हॉटेलात राहा. हॉटेलात खोल्या होत्या त्याच्या कितीतरी पट भागीदाऱ्या विकल्या गेल्या. भक्तांनी पैसे हसतमुखानंच दिले होते. तरी 1989 मध्ये ज्युरीनं त्याला फसवणुकीच्या 24 आरोपांत दोषी धरलं.

डॉक्टर-इंजिनिअरांचं म्हणाल तर ते रांगेत असतात, हे खरं. पण डॉक्टर तिथं डॉक्टर म्हणून गेलेला नसतो. मूल आजारी असलेला बाप म्हणून गेलेला असतो. होमात तूप सोडल्यावर आपोआप पेट घेतला, तर त्या तुपाच्या वाटीत ग्लिसरीन आणि खाली पोटॅशियम परमँगनेट असेल, हे बारावी सायन्सवाल्याला कळायला हवं. पण वाटी हुंगायला त्या वेळी कोण जातं? ‘महाराजांनी न सांगता नाव-गाव ओळखलं’ ही तर जुनी युक्ती. 1986 मध्ये जेम्स रँडी या जादूगारानं पीटर पोपॉफ या उपदेशकाच्या सभेतला रेडिओ संदेश पकडला. देव नव्हे, बायको कानात बोलत होती, तेही भक्तांनी आधी भरून दिलेल्या चिठ्ठ्या वाचून. आपल्याकडे यंत्रसुद्धा लागत नाही. रांगेत पाणी देणारा सेवेकरी “कुठनं आलासा, काय अडचण?” एवढंच विचारतो.

कायदा फक्त हिंदूंच्या मागे? दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट 2013 मध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. पुढच्याच महिन्यात नांदेडमध्ये चमत्कारी औषधं विकल्याबद्दल अटक झाली ते दोघेही मुस्लिम होते. बंगळूरची आयएमए ही गुंतवणूक कंपनी 2019 मध्ये बुडाली, तिनं ‘हलाल गुंतवणूक’ म्हणूनच पैसे गोळा केले होते आणि तिथंही अटका झाल्याच. उलट, यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तेवढं पान वाचायला हरकत नव्हती.

राहिला पोलिसांचा मुद्दा. मी मावशींना सांगितलं, चमत्काराच्या नावावर पैसे उकळले तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, या कायद्यात दक्षता अधिकारी नेमलेला असतो, तो पोलीस निरीक्षकापेक्षा खालचा नसतो, आपण जाऊया. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांना महाराजांकडे थोरल्या जावेनं नेलं होतं. तक्रार म्हणजे आधी जावेचं नाव. मालकांना तिन्ही दागिने कपाटातच आहेत असं वाटत होतं. धाकटीचं लग्न ठरायच्या बेतात होतं.

पोलिसांत न जाण्याचा अर्थ फसलं नाही असा होत असता, तर थकबाकीचं आमचं निम्मं रजिस्टर कोरं राहिलं असतं.

पाटल्यांची मुदत संपत आली तशी नोटीस तयार झाली. मावशी त्याच्या आदल्याच दिवशी आल्या होत्या. अर्जावर मुलाचा मोबाईल नंबर होता, तो खोडून स्वतःचा घालायला लावला, आणि घरी टपाल पाठवू नका म्हणाल्या.