टाकी रिकामी करून गाडी सुरू कशी करायची, ते आधी सांगा

आत्या मेमध्ये मुलीकडे कॅनडात कॅलगरीला निघाली आहे, परत येणार दिवाळीला. तोवर तिची स्कूटर बंद. रविवारी इंदूरच्या रामबागेत तिच्याकडे गेलो तर फ्रीजवर यादी चिकटवलेली: भाजणी, मेतकूट, चष्म्याची दुसरी जोडी, आणि चौथ्या ओळीत ‘गाडीत धूर मारणे’. हे काय म्हणून विचारलं. ‘अरे, ग्रुपवर आलंय. निगमची डासांवर धूर मारणारी गाडी येते ना, त्यांनाच सांगते.’

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. ‘गाडी सहा महिने बंद? हे ७ उपाय करा, मेकॅनिकचे पैसे वाचवा.’ मी वाचायला घेतला आणि तिसऱ्याच ओळीत ‘एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर’. काय भिया, इंदूरचा बर्फ सराफ्यात गोळ्यावर मिळतो, तो वितळायला एप्रिलची वाट बघावी लागत नाही.

हा मजकूर स्नोमोबाइलचा आहे. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, अशी बर्फावर पळणारी गाडी. कॅनडात १९५९ साली ‘स्की-डू’ नावानं विकायला आली, आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवते. बर्फ संपला की तिला पुढच्या हिवाळ्यापर्यंत काम नाही, म्हणून साठवणीच्या सूचना. त्या कोणीतरी यंत्राकडून मराठीत करून घेतल्या आणि स्कूटरच्या नावानं सोडून दिल्या. ‘मागचा पट्टा सैल करा’ हा सहावा उपाय तिथलाच. आत्यानं तो पट्टा सीटखाली शोधला.

आता उपाय दुसरा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. ‘दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून शटर ओढून घ्या.’ आत्यानं त्यासाठी वरच्या भाडेकरूंच्या मुलाला किल्लीही देऊन ठेवली होती. पोरगा अकरावीत. गाडी उभी असते ती तळमजल्यावरची खोली आठ बाय दहाची, खिडकी एक, तीही आत्यानं पावसाच्या भीतीनं पुठ्ठा लावून बंद केलेली. चालू इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस ‘जरा बसतो’ म्हणून बसतो आणि उठत नाही. मोबाइल बघत पाच मिनिटं मोजणाऱ्या पोराला हे कोण सांगणार होतं?

बरं, जीव बाजूला ठेवा, गाडीचं तरी भलं होतं का? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब चक्कर मारली तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर धड तापतही नाही. पाणी आतच साचून गंज धरतो. स्टार्टर मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांत परतही येत नाही.

आणि गंमत बघा. उपाय पहिला: टाकी पूर्ण रिकामी करा. दुसरा: दर आठवड्याला गाडी सुरू करा. पाचवा: उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबा. म्हणजे पेट्रोल नाही, धूर निघायला वाट नाही, तरी गाडी सुरू झाली पाहिजे. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचायचा.

टाकीच्या बाबतीत मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. पेट्रोल पडून खराब होतं, कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चिकट राळ धरतं, आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आत्याच्या फाइलीत स्कूटरची जुनी पुस्तिका मिळाली. तिच्यातही लांब मुक्कामाआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा असंच आहे. पण पुढचंच वाक्य आहे, टाकीत आतून गंजरोधक तेल फवारा. मेसेजनं अर्धंच उचललं. मालव्यातल्या चार महिन्यांच्या पावसात कोरडा पत्रा उघडा ठेवला तर दिवाळीला टाकीत काय मिळेल, ते सांगायला नको. (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली नवी गाडी असेल तर स्वतःच्या पुस्तिकेत बघा, तिथं सूचना वेगळी असू शकते.)

यादीतलं ‘धूर मारणे’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘फॉगिंग ऑइल’चं यंत्रानं केलेलं मराठी. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, खाली वेगळा साठा नसतो, म्हणून बंद ठेवताना सिलेंडरमध्ये तेलाचा फवारा मारतात. त्यात धूर नाही आणि डासही नाहीत.

‘बॅटरी उबदार जागी ठेवा’ हेही कॅलगरीला ठीक. इथं मेमध्ये उबदार जागा शोधावी लागते का? उष्णतेत बॅटरी उलट लवकर उतरते. काढून सावलीत ठेवा, महिन्यातून एकदा हळू चार्ज करा. गाडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, ओल आत कोंडते. पुस्तिकाही नकोच म्हणते. आत्यानं जुनी सोलापुरी चादर काढून दिली.

उंदरांचं खरं आहे, रामबागेत घुशीसुद्धा आहेत. सायलेन्सरमध्ये बोळा घातला, पण लाल फडक्याचा, वीतभर बाहेर लोंबता, म्हणजे दिवाळीला विसरायला नको. पोराकडून किल्ली परत घेतली, ती आता माझ्याकडे. तो जरा हिरमुसला. त्याला बहुतेक पाच मिनिटांत कॉलनीला एक फेरी मारायची होती.