"ते लढले का नाहीत?" या प्रश्नाबद्दल

दुसऱ्या महायुद्धावर काहीही लिहिलं की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "साठ लाख ज्यू मारले गेले, मग ते लढले का नाहीत?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. पण या प्रश्नात मेलेल्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं, म्हणून तो मला सहन होत नाही. आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सोव्हिएत रशियाचे सुमारे ५७ लाख सैनिक जर्मनांच्या कैदेत पडले आणि त्यातले ३३ लाखांच्या आसपास उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळ्यांनी मेले. हे सगळे लढाईचं शिक्षण घेतलेले, बहुतेक ऐन तारुण्यातले पुरुष. त्यांनी बंड का केलं नाही, असं कुणी विचारत नाही. ज्यूंच्या बाबतीत मात्र म्हाताऱ्या आजीपासून तान्ह्या बाळाच्या आईपर्यंत प्रत्येकाकडून लढाईची अपेक्षा. एकाने हात उचलला तर शेकडोंना भिंतीला उभं करून मारायचं, हा तिथला कायदा होता. पळून जायचं तर आईबापांना आणि धाकट्या भावंडांना मागे टाकून जायचं, आणि बाहेर ज्यूला आसरा देणाऱ्या पोलिश माणसालाही देहदंड होता. गाडीत बसवताना सांगायचे की पूर्वेला कामावर नेतोय. स्वेच्छेने येणाऱ्याला पाव आणि जाम मिळेल, असं वॉर्सात चक्क जाहीर केलं होतं. महिनोन्महिने उपाशी असलेल्या माणसाला पावाचं आमिष.

आणि इतकं सगळं असूनही ते लढले.

वॉर्साचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून बंद करण्यात आला. आत चार लाखांहून जास्त माणसं कोंबली होती. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात त्यातली अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंका या संहारछावणीच्या गॅस चेंबरमध्ये गेली. मागे उरलेल्यांत तरुण मुलंमुली बरीच होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरचं कुणीही उरलं नव्हतं. या मुलांनी हत्यारं जमवली. हत्यारं म्हणजे काय, तर चोरून विकत घेतलेली पिस्तुलं, थोडे हातबाँब, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रायफली आणि बाटल्यांत भरलेलं पेटतं द्रव. १८ जानेवारी १९४३ ला जर्मन पुन्हा माणसं उचलायला आले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांत ती मोहीम थांबली. पुढचे तीन महिने लोक तळघरं खणत होते.

१९ एप्रिलला, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी, जर्मन फौज रणगाडा आणि चिलखती गाड्या घेऊन आत शिरली. पहिल्याच दिवशी तिला माघार घ्यावी लागली. मुरानोव्स्की चौकातल्या एका इमारतीवर पोलंडचा झेंडा आणि शेजारी निळापांढरा ज्यू झेंडा फडकत होता, आणि तो भिंतीपलीकडच्या वॉर्सातून दिसत होता. लढणाऱ्या मुख्य संघटनेचा प्रमुख मोर्देखाय अनिएलेविच १९१९ साली जन्मलेला. आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरचे गाडी जपून चालव म्हणून सांगत असतात. शेवटी जर्मन सेनानी श्ट्रोपला घरामागून घर जाळत जावं लागलं. ८ मे रोजी मिला रस्त्यावरच्या १८ नंबरच्या तळघरात अनिएलेविच आणि त्याचे बरेच साथीदार मेले. १६ मे रोजी श्ट्रोपने त्लोमात्स्के रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरुंग लावून पाडलं आणि मोहीम संपल्याचं कळवलं.

आपण जिंकू असं त्या मुलांपैकी कुणालाही वाटत नव्हतं. अनिएलेविचने २३ एप्रिलला आपल्या सहकाऱ्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. ज्यूंनी घेट्टोत स्वतःच्या संरक्षणासाठी हत्यार उचललं, हे माझं स्वप्न पुरं झालं, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. मरण समोर असताना समाधानाने लिहिलेलं पत्र.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांची नावं फार मागे पडली. ज्यू मुलग्याची सुंता झालेली असायची, त्यामुळे कपडे उतरवायला लावले की तो सापडला. म्हणून एका घेट्टोतून दुसऱ्या घेट्टोत निरोप, पैसे, खोटे कागद आणि पुढे हत्यारं न्यायचं काम मुलींनी केलं. अस्खलित पोलिश बोलायचं, चेहऱ्यावर भीती दिसू द्यायची नाही आणि जर्मनांनी भरलेल्या आगगाडीत बसायचं. तोशा आल्टमन, फ्रुमका प्लोत्नित्स्का, व्लाद्का मीड. पहिल्या दोघी १९४३ मध्येच गेल्या.

आणि आउश्वित्झची छावणी. तिथे युनियन नावाच्या कारखान्यात बाँबचे फ्यूज बनायचे. स्फोटक दारूच्या खोलीत कामाला असलेल्या ज्यू मुली रोज चिमूटभर दारू चिंधीत बांधून कपड्यांत लपवत. झडतीत सापडलं तर मरण ठरलेलं. ती पुडी हातोहात जायची, रोझा रोबोटापर्यंत पोचायची आणि तिच्याकडून प्रेतं जाळायच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांकडे. असं कित्येक महिने चाललं. ७ ऑक्टोबर १९४४ ला त्या कैद्यांनी बंड केलं आणि चार नंबरची भट्टी पेटवून दिली. ती पुन्हा वापरात आली नाही. बंड करणारे जवळपास सगळे मारले गेले. तपासात रोझा, आला गर्टनर, एस्तुसिया वाइत्सब्लुम आणि रेगिना साफिरश्टाइन या चौघी सापडल्या. छळ झाला, तरी रोझाने जिवंत असलेल्या साथीदारांची नावं दिली नाहीत. जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात चौघींना बाकी कैद्यांसमोर फाशी दिलं. २७ जानेवारीला तर रशियन फौज तिथे पोचली. तीन आठवडे!

आता माझं खरं म्हणणं. बंदुकीची ही सगळी उदाहरणं दिली की आपण चटकन "वा, लढवय्ये" म्हणून टाळ्या वाजवतो आणि ज्यांच्या हाती बंदूक नव्हती त्यांना पुन्हा खालच्या पायरीवर बसवतो. हे मला मान्य नाही.

त्याच वॉर्सात इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा इतिहासकार होता. त्याने साठेक माणसं जमवून घेट्टोतल्या रोजच्या जगण्याचा गुप्त संग्रह केला. डायऱ्या, शाळकरी मुलांचे निबंध, रेशनकार्डं, कार्यक्रमांची आमंत्रणं, चॉकलेटचे कागद, ट्रामची तिकिटं. जर्मन आमचा इतिहास लिहिणार असतील तर आमच्या बाजूचा कागद उरला पाहिजे, एवढीच ईर्षा. हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून पुरलं. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, किटल्या १९५० मध्ये. तिसरा साठा अजून मिळालेला नाही. रिंगेलब्लुमला १९४४ मध्ये कुटुंबासह मारलं. यानुश कोर्चाकने आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून जुलै १९४२ मध्ये रवींद्रनाथ टागोरांचं नाटक बसवून घेतलं, आणि तीन आठवड्यांच्या आत तो त्याच मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढला. त्याला स्वतःला सुटायची संधी होती. या दोघांना "लढले नाहीत" या रकान्यात टाकायची माझी तयारी नाही.

इस्रायललाही हे समजायला वेळ लागला. सुरुवातीच्या वर्षांत तिथे बंडखोरांचा गौरव होई आणि छावणीतून नुसत्या जगून आलेल्यांकडे थोड्या तुच्छतेनेच पाहिलं जाई. स्मरणदिनाच्या नावातही संहाराबरोबर वीरता जोडलेली आहे आणि तारीख वॉर्साच्या बंडाजवळची निवडली आहे. १९६१ मध्ये ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला, साध्या माणसांनी साक्षी दिल्या, आणि मग दृष्टी बदलत गेली. आज त्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजतो, हायवेवरच्या गाड्या थांबतात आणि माणसं दोन मिनिटं रस्त्यावर उभी राहतात. हा मान सगळ्या साठ लाखांना आहे.

माझ्या मनात मात्र सगळ्यात जास्त आदर आहे तो मारेक एडेलमनबद्दल. वॉर्साच्या बंडाचा हा एक कमांडर गटारांतून बाहेर पडून वाचला. तो समाजवादी बुंड पक्षाचा. ज्यूंनी जिथे आहोत तिथेच हक्काने राहावं असं मानणारा, त्यामुळे इस्रायलला न जाता पोलंडमध्येच राहिला आणि वुडझ शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाला. कम्युनिस्ट राजवटीत त्रास सोसला, सॉलिडॅरिटी या कामगारांच्या चळवळीत उतरला, तुरुंग पाहिला. दर १९ एप्रिलला तो स्मारकाशी पिवळी डॅफोडिल्स ठेवायचा. २००९ मध्ये तो गेला. २०१३ पासून त्या दिवशी वॉर्सात कागदाची पिवळी डॅफोडिल्स वाटतात आणि लोक ती छातीवर लावतात. बहुतेक जण ज्यू नसतात. दुसरीकडे त्याचेच साथीदार झिविया लुबेत्किन आणि यित्झाक झुकरमन इस्रायलला गेले आणि त्यांनी घेट्टोतल्या लढवय्यांच्या नावाने किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वसाहत, वसवला. राजकारण अगदी उलटं, अभिमान दोघांचाही अस्सल. कुणी एकाने "खरा ज्यू अभिमान असाच असतो" म्हणून मालकी सांगितली की मला एडेलमन आठवतो.

हा अभिमान दिसतो तो बऱ्याचदा अगदी साध्या कृतीत. १९३१ च्या हनुका सणात जर्मनीतल्या कील शहरात राहेल पोझनर या धर्मगुरूच्या पत्नीने आपली दिव्यांची समई खिडकीत ठेवून फोटो काढला. समोरच्या इमारतीवर नाझी झेंडा लटकत होता. फोटोच्या मागे तिने लिहिलं की झेंडा म्हणतो ज्यूंचा नाश होवो, दिवा उत्तर देतो की ज्यू सदैव जगतील. हिटलर अजून सत्तेवर यायचा होता. कुटुंब १९३३ मध्ये बाहेर पडलं म्हणून वाचलं. डिसेंबर २०२२ मध्ये वंशज तीच समई घेऊन जर्मनीत गेले आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी ती पेटवली.

मला यातला उघडेपणा महत्त्वाचा वाटतो. मी ज्यू आहे आणि ते लपवणार नाही, बस्स. २०१८ मध्ये बर्लिनमध्ये ज्यू टोपी घातलेल्या एका तरुणाला पट्ट्याने मारलं, तेव्हा शेकडो लोक, ज्यू नसलेलेही, तीच टोपी घालून रस्त्यावर आले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बिलिंग्ज गावात एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीवर, तिथे हनुकाची समई होती म्हणून, दगड पडला. तिथल्या पेपरने पानभर समईचं चित्र छापलं आणि हजारो ख्रिश्चन घरांनी ते आपापल्या खिडकीत लावलं. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी करायची गोष्ट आहे ही, आणि युरोपात १९४० नंतर ती फार थोड्या शेजाऱ्यांनी केली.

आपल्याकडच्या बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, असं काही सोसलं नाही, आणि त्याचं श्रेय आपल्या मातीला आहे हे म्हणताना मला बरं वाटतं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. कोकणातल्या गावांची आडनावं लावून, तेलाचे घाणे चालवून, शनिवार पाळून ते शतकानुशतकं राहिले. अलिबागला आजही इस्रायल आळी आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. मुंबईत ज्यूंना ज्यू म्हणून हेरून मारलं ते २००८ मध्ये, नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात, आणि मारेकरी बाहेरून आले होते. धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची गरोदर पत्नी रिव्का गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या भारतीय दाईने उचलून बाहेर काढलं. २०१४ मध्ये ते केंद्र त्याच इमारतीत पुन्हा सुरू झालं.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग आला तरी चालेल. वॉर्साच्या या मुलामुलींचे फोटो आपल्याकडे अनेकदा आपल्याच कुणा शेजारी समाजावर राग काढण्यासाठी फॉरवर्ड होतात. माणसांना वेगळ्या वस्तीत कोंडा, त्यांच्याकडून खरेदी करू नका, असं म्हणणाऱ्यांविरुद्ध ही मुलं मेली. त्यांचा फोटो लावून तेच बोलायचं हा त्यांचा अपमान आहे. आणि उलट बाजूनेही, आजच्या इस्रायली सरकारवर टीका करायची तर जरूर करा, मीही करते, पण तो राग मुंबईतल्या किंवा पॅरिसमधल्या कुणा टोपी घातलेल्या म्हाताऱ्यावर काढायचा नाही. त्याने त्याची टोपी बिनधास्त घालावी.

माझ्या यादीत बेने इस्रायली मित्रमैत्रिणी आहेत. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा महायुद्धात ब्रिटिश हिंदी फौजेत असतील तर कृपया खाली लिहा. युरोपातली बातमी तुमच्या घरात कधी आणि कशी पोचली, हे मला मराठीत कुठेच वाचायला मिळालेलं नाही.