हलकंच तर आहे!

जिममध्ये माझ्या बारवरून, सेट चालू असताना, कुणीतरी वजनाची प्लेट काढून नेली. एकच. एका बाजूची. ज्याला सांगावं तो विचारतो, "म्हणजे दोन्हीकडची ना?" नाही हो. एकच.

मी रूटीनमध्ये स्पीड डेडलिफ्ट घातलंय. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार हातात धरून सरळ उभं राहायचं. आपण जास्तीत जास्त जेवढं उचलतो, त्याच्या साधारण ५० ते ७० टक्के वजन घ्यायचं आणि ते जमिनीवरून होईल तितक्या वेगाने वर आणायचं. एका सेटमध्ये एक ते तीन रेप, म्हणजे तितक्या वेळा उचलायचं, सेट मात्र सहा ते दहा, आणि मध्ये मिनिटभर रेस्ट. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. वस्तुमान कमी घेतलं तर त्वरणातून बल काढायचं, एवढीच भानगड. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसच्या लुई सिमन्स या कोचने बारला साखळ्या नि रबरी बँड लावून हे प्रकरण पॉवरलिफ्टिंगवाल्यांच्या गळी उतरवलं. माझ्या नशिबी साखळ्या नाहीत. टॉवेलवाले काका आहेत.

काकांच्या गळ्यात टॉवेल असतो, पण तो ओला झालेला कुणी पाहिलेला नाही. मी जिथे बार मांडतो, तिथून हाताच्या अंतरावरच्या बाकावर ते बसतात आणि बघतात. मी जास्तीत जास्त १४० किलो उचलतो, म्हणून बारवर ८५ होते: २० चा बार, दोन्हीकडे २०, १० आणि अडीच. दोन रेप फटाफट मारले, बार ठेवला, घड्याळ बघत उभा राहिलो.

"झालं?" काका.

"नाही, सेट चालू आहेत."

"पण तुम्ही तर उभे आहात."

"रेस्ट घेतोय."

"दोनदा उचलून?" मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणत, "ऑपरेशन वगैरे झालंय का?"

"नाही हो काका. मुद्दाम हलकं घेतलंय. वेगासाठी."

"मग थोडं जड लावा की."

"जड लावलं की वेग जातो."

"मग सावकाश उचला."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पुढच्या सेटला काकांनी टाळ्या वाजवल्या. खवचटपणे नव्हे, मनापासून. तेच जास्त लागलं.

मुळात या व्यायामाचं दुखणंच हे आहे की प्लेटा कुणालाही मोजता येतात, वेग कुणाला दिसत नाही. २०१६ मध्ये इंग्लंडच्या एडी हॉलने डेडलिफ्टमध्ये ५०० किलो उचलले तेव्हा बार अगदी कूर्मगतीने वर आला, त्याच्या नाकातून रक्त आलं, आणि जगाने तोंडात बोटं घातली. त्याला कुणी विचारलं नाही, "काय हो, एवढं सावकाश?" आता बारचा वेग सेकंदाला किती मीटर ते दाखवणारी यंत्रंही मिळतात. पण काकांना आकडा दाखवून काय उपयोग? त्यांना रक्त लागणार.

असो. प्लेट. रेस्टमध्ये मी बाटली भरायला गेलो. परत येऊन बार धरला. वेगाने उचलायचं म्हणजे हिसका द्यायचा नसतो. हात सरळ, पाठ ताठ, बगला आवळून बार आधी नुसता ताणायचा. बार आणि प्लेटच्या भोकातली फट भरते, 'टक्' असा बारीक आवाज येतो, आणि मग पायांनी जमीन रेटत सुटायचं. कोपर वाकवून हिसका मारला तर दंडाचा स्नायू फाटू शकतो. तर मी ताण घेतला आणि उजवी बाजू नको इतक्या सहज हलली. बघतो तर दहाची प्लेट गायब. प्लेटा घसरू नयेत म्हणून असते ती क्लिप मात्र परत लावलेली. नीट. घट्ट.

काका बाकावर आडवे. प्लेट पोटावर.

"काका, ती माझी प्लेट."

"मला पोटाच्या व्यायामाला हवी होती."

"अहो, पण एकाच बाजूची?"

"दोन कशाला नेऊ? मी काय हावरट आहे?" मग समजुतीच्या सुरात, "आणि तुम्हाला हलकंच हवंय ना?"

तसाच जोर लावून सुटलो असतो तर एकीकडे साडेबत्तीस, दुसरीकडे साडेबावीस. कमरेचं काय झालं असतं ते मला सांगा. ट्रेनर कुठे होता? होता की, आरशासमोर स्वतःचं रील काढत. बार ठेवताना आवाज झाला की तो बरोबर येतो, "सर, आवाज नको." वर्षाची फी आगाऊ घेतात, अख्ख्या जिममध्ये धड सरळ बार एकच, दहाच्या प्लेटा नेहमी विसांच्या मागे कोंबलेल्या, आणि यांना खुपतो तो माझा आवाज.

वेग तपासायला मी मोबाइल लावून ठेवला होता, त्यामुळे सगळं शूट झालं होतं. काका क्लिप काढतात, प्लेट काढतात, क्लिप लावतात, कॅमेरा दिसल्यावर त्याला हातही करतात. मी तो व्हिडिओ मॅनेजरला दाखवला. त्याने शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. "बघतो सर," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रॅकच्या वर कागद चिकटवलेला होता: 'दोन सेटच्या मध्ये नुसते उभे राहून साहित्य अडवू नये.'