रक्तगट सेम आहे म्हणून स्थळ मोडू नका ओ

गड्डा यात्रा झाली की सोलापुरात स्थळं बघायला जोर येतो आणि त्याच्यासोबत तो मेसेजपण परत फिरायला लागतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मूल मतिमंद होतं, मुलाचा गट आईशी नाहीतर वडिलांशी जुळायलाच पाहिजे, निगेटिव्ह मुलगी करू नका, आणि गट वेगळा असला तर मामाची मुलगी केली तरी चालते. चारही गोष्टी चूक आहेत, आणि ह्याच्यावरून जमलेली लग्नं मोडतायत, राग येतो बघून.

पहिलं, सेम गटानं बाळाला काही म्हणजे काही होत नाही. आपल्याकडं ओ आणि बी हेच गट जास्त, त्यामुळं सेम गटाची जोडपी गल्लोगल्ली आहेत. उलट दोघांचा गट एकच असला की त्या गटावरून आईच्या अँटीबॉडीज, म्हणजे परक्या रक्ताशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या रक्तपेशींवर जायचा प्रश्न येत नाही. लोकांनी रक्तगटाचं गोत्र करून टाकलंय, पण ए-बी-ओ गट म्हणजे नऊ नंबरच्या क्रोमोसोमवरचा एक जीन, म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणारा एक तुकडा, माणसात असले २० हजारच्या आसपास आहेत.

दुसरा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण संशय थेट बाईवर जातो. प्रत्येकाला ह्या जीनच्या दोन कॉप्या मिळतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि ओ ही कॉपी ए किंवा बीच्या मागं लपते. आई ए गटाची पण आतून ए-ओ, वडील बी पण आतून बी-ओ, तर मुलं ए, बी, एबी, ओ कुठलीपण होऊ शकतात. आणि एबी बाप, ओ आई असेल तर मूल ए नाहीतर बी, म्हणजे दोघांपैकी एकाशीपण जुळत नाही आणि तेच नॉर्मल आहे! बरं, दोघं ओ आणि मूल बी निघालं तरी लगेच बोट दाखवू नका, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे ब्लड ग्रुप साध्या टेस्टमध्ये ओ म्हणूनच दिसतो, पण त्या माणसाकडून ए किंवा बी पुढं जाऊ शकतो.

निगेटिव्हचं म्हणाल तर आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तरच आईच्या अँटीबॉडीजची काळजी, ती पण बहुतेक दुसऱ्या खेपेपासून. त्याला अँटी-डी इंजेक्शन आहे, २८व्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत, गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारायचं. मुलगी नाकारायचं कारणच नाही. नवरा निगेटिव्ह असेल तर त्यानं काहीच बिघडत नाही.

आता नात्यातलं लग्न. आपल्याकडं मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्याच घरांत मामाची मुलगी करतात, कुणाला नावं ठेवायची नाहीत मला. पण आते-मामे भावंडांचे साधारण आठवा हिस्सा जीन्स सारखे असतात, मामा-भाचीचे चौथा हिस्सा, आणि एकच लपलेला दोष दोघांकडून बाळात यायची शक्यता त्यामुळं वाढते, रक्तगट कितीका वेगळा असेना. टेस्ट करायचीच तर थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची करा, हिमोग्लोबिन ए-टू म्हणून लॅबमध्ये सांगायचं, आणि नात्यातले असा नसा दोघांनीपण करा, कारण दोघं कॅरियर, म्हणजे स्वतःला त्रास नसून दोष लपलेले, असले तर दर खेपेला बाळाला मेजर थॅलेसेमिया व्हायची शक्यता चारात एक.