बॅकअप आहे का, मॅडम?

काल सकाळी एक्सेलची फाईल उघडली तर ४१२ नावांसमोर भलत्यांचेच आकडे. आदल्या संध्याकाळी मी एकच कॉलम सॉर्ट केला होता. एक्सेलने विचारलं होतं हो, बाजूचे कॉलमपण घेऊ का म्हणून, पण घाईत मी नको म्हटलं, वर इमानदारीत सेव्ह करून बंदही केली. ऑटोरिकव्हर आहे की, दर १० मिनिटांनी कॉपी ठेवतं, असा माझा समज. ठेवतं, पण प्रोग्रॅम मध्येच मेला तर. शहाण्यासारखी सेव्ह करून फाईल बंद केलीत की ती कॉपी पुसून टाकतं. म्हणजे नीट वागणाऱ्याचंच नुकसान, इथेपण.

मग म्हटलं आता कायमचा बंदोबस्त करू, बॅकअप आपोआप होईल असं लावून घेऊ, आणि हेल्पडेस्कच्या मुलाला बोलावलं. गळ्यात आयकार्ड, आयकार्डाच्या दोरीला पेन ड्राईव्ह. खुर्चीत बसण्याआधीच विचारतो, "बॅकअप आहे का, मॅडम?"

"नाही रे, तोच तर लावायचाय."

"नाही, म्हणजे सेटिंगला हात लावायच्या आधी बॅकअप लागतो. पॉलिसी आहे."

"अरे बाबा, बॅकअप नाही म्हणूनच तुला बोलावलं ना?"

"बरोबर आहे. पण बॅकअप नसताना बॅकअप लावला आणि काही उडालं, तर माझ्यावर येतं."

"जे उडायचं ते कालच उडालंय."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम." इतक्या दुःखी आवाजात म्हणाला की क्षणभर मलाच त्याची कीव आली. मग म्हणे एक फॉर्म भरा. फॉर्म वर्डमध्ये. "आणि भरताना मधूनमधून कंट्रोल एस मारत राहा हं, तो फॉर्म कधीकधी हँग होतो."

गेला. पेन ड्राईव्ह डुलवत गेला.

शेवटी स्वतःच बसले. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथून खाली खाली खाली, अगदी विहिरीत उतरल्यासारखं, तेव्हा कुठे बॅकअप कॉपीची टिकमार्क सापडते. एक्सेलमध्ये तीच गोष्ट सेव्ह ॲजच्या खिडकीत टूल्सखाली, आणि तीही प्रत्येक फाईलला वेगळी लावायची! का? एकाच कंपनीची दोन पोरं, दोघांचे दोन कायदे. बरं, ही कॉपी असते आधीच्या सेव्हची, आणि बसते मूळ फाईलच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये. डिस्क गेली की दोघी हातात हात घालून जाणार. सिंकचं, म्हणजे एकच फाईल दोन ठिकाणी सारखी ठेवणाऱ्या सोयीचंही तसंच, ते म्हणजे बॅकअप नव्हे, इकडची घाण तितक्याच तत्परतेने तिकडे पोचवतं. त्यामुळे माझीच बाहेरची हार्ड डिस्क जोडून विंडोजची फाईल हिस्टरी चालू केली, ती बदललेल्या फाईलींची कॉपी दर तासाला डिस्कवर ठेवते. एवढंच होतं. वीस मिनिटांचं काम, ज्यासाठी मी अर्धा दिवस एका पोराशी कोंबडी आधी की अंडं आधी खेळत बसले.

४१२ नावं मात्र हातानेच जुळवतेय, अजून ९६ राहिलीत. दुपारी मेल आली, तिकीट क्लोज केलं म्हणून. कारण: युजरकडे बॅकअप उपलब्ध नाही. खाली पाच तारे, सेवा कशी वाटली?