आमच्या खोलीला बाल्कनी नव्हती

अलास्काच्या क्रूझवरील माझ्या लेखाच्या दुसऱ्या भागाखाली 'रानवाट' या नावाने लिहिणाऱ्या एका वाचकाने मोठी प्रतिक्रिया नोंदवली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळे व्हावे, असे आधी ठरवले होते. परंतु तिच्यातील एक वाक्य दोन दिवस मनातून जाईना, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. सुरुवात अशी आहे : "अहो काकू, बाल्कनीत शाल पांघरून हिमनदी पाहणे म्हणजे हिमनदी पाहणे नव्हे. तिच्याकडे पायी जावे लागते, तेव्हा ती भेटते." त्यानंतर आक्षेप असे आहेत : किनाऱ्यावरच्या सहली जहाजाच्या काउंटरवरून घेऊन आम्ही जास्त पैसे मोजले, अशा जहाजांचा धूर आणि त्यांतून उतरणारी गर्दी यांवर मी एक शब्दही लिहिला नाही, बर्फाचा निळा रंग फोटोत चढवलेला वाटतो, व्हिसाची माहिती अपुरी आहे, आणि माथेरानच्या गाडीविषयीचे विधान चुकीचे आहे. शेवटी, आपण गेल्या वर्षी गंगोत्रीहून गोमुखापर्यंत, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखापर्यंत, चालत गेलो होतो असे सांगून, "हवे तर फोटो पाठवतो, म्हणजे फरक कळेल," असे लिहिले आहे.

जे मान्य करायचे ते आधी करते. अलास्कातल्या स्कॅगवे बंदराहून व्हाइट पास या खिंडीकडे चढणारी रेल्वे "आपल्या माथेरानच्या गाडीएवढीच अरुंद" असल्याचे मी लिहिले होते, ते चूक आहे. माथेरानच्या रुळांमधले अंतर दोन फूट आहे. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांची ये-जा सुरू झाल्यावर १८९८ ते १९०० या काळात बांधलेल्या त्या रेल्वेचे अंतर तीन फूट आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. माझ्या यजमानांची चौतीस वर्षे मध्य रेल्वेत गेली आणि प्रकाशित होण्यापूर्वी लेख त्यांनीच तपासला होता, त्यामुळे या चुकीत कोणाचा वाटा किती यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही. चढ मात्र माथेरानचाच अधिक खडा आहे, वीस फुटांना एक फूट. हे आपल्या ध्यानात आले असते, तर तेही आपण मला सुनावले असते अशी खात्री वाटते.

आता 'काकू'विषयी. मी सहासष्ट वर्षांची आहे आणि दादरला राहते. मंडईत मला दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी काकू म्हणते आणि त्याचे मला काहीच वाटत नाही, कारण मेथीवाला 'काकू' म्हणतो तेव्हा तो माझ्याशी बोलत असतो. 'अहो काकू' असे म्हणून ज्या वाक्याचा आरंभ होतो, ते वाक्य माझ्याशी बोलत नाही, बाकीच्या वाचकांकडे पाहून माझ्याविषयी बोलते. मतभेदाला माझी हरकत नाही. एकतीस वर्षे गिरगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा वर्गात उभे राहून "बाई, पुस्तकात वेगळे लिहिले आहे" असे म्हणणाऱ्या मुली मला नेहमीच आवडत आल्या. पण त्या आधी पुस्तक वाचून येत असत.

आपण लेख वाचून आला नाहीत, असे मला म्हणावे लागते. आमच्या खोलीला बाल्कनी नव्हती. बाल्कनीच्या खोलीचे भाडे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही न उघडणाऱ्या खिडकीची खोली घेतली, हे पहिल्याच भागात लिहिलेले आहे. शालही नव्हती. ग्लेशियर बे या खाडीत जहाज शिरले त्या सकाळी माझ्या अंगावर दोन स्वेटर, एक वाऱ्याचे जाकीट आणि यजमानांची कानटोपी होती, आणि आम्ही दोघे पुढच्या उघड्या डेकवर कठड्याला धरून साडेतीन तास उभे होतो. ज्या दृश्याची आपण थट्टा केली आहे, ते आपणच रचलेले आहे.

राहिले 'पायी'. त्या खाडीतल्या मार्जरी हिमनदीपर्यंत पायी जायचे, ते कोठून? ग्लेशियर बेच्या राष्ट्रीय उद्यानाला बाहेरच्या रस्त्यांच्या जाळ्याशी जोडणारा रस्ताच नाही. ज्या हिमनद्या समुद्रात उतरतात त्यांच्या मुखापर्यंत तेथे एकही पायवाट नाही. मार्जरी खाडीच्या तोंडापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आत आहे. तेथे बोटीनेच जावे लागते, मग ती दोन माणसांची कयाक असो वा दोन हजार माणसांचे जहाज. मोठी जहाजे तेथे धक्क्याला लागत नाहीत, प्रवाशांना उतरवत नाहीत आणि दिवसाला दोनपेक्षा जास्त सोडलीही जात नाहीत. उद्यानाचे रेंजर सकाळी लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. १७९४ साली कॅप्टन व्हँकूवरच्या मोहिमेतील लोक तेथे पोहोचले तेव्हा आजची खाडी जवळजवळ नव्हतीच, तिच्या जागी बर्फ होता. १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर गेला, तोवर बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे सरला होता. म्यूरही होडीतूनच गेला होता. त्याने हिमनदी पाहिली नाही, असे आपण त्याला सांगाल काय?

आता मला जे सांगायचे नव्हते तेही सांगते, कारण आपण गोमुखाचा उल्लेख केलाच आहे. १९८७ च्या मे महिन्यात आम्ही दोघे गंगोत्रीला गेलो होतो. पहाटे निघालो आणि चिरबासा मागे टाकून भोजबासाला पोहोचलो, तेव्हा चौदा किलोमीटर चालून झाले होते आणि गोमुख केवळ चार किलोमीटर उरले होते. रात्री यजमानांचे डोके ठणकू लागले, पहाटेपर्यंत धाप थांबेना. उंची जवळजवळ ३,८०० मीटर. सोबतच्या घोडेवाल्याने त्यांच्या ओठांकडे एकदा पाहिले आणि उतरा म्हणाला. आम्ही उतरलो. शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गात हिमनदीचे कार्य शिकवताना एका मुलीने विचारले, "बाई, तुम्ही या सुट्टीत हिमनदी पाहिलीत ना?" मी नाही म्हणाले आणि फळ्याकडे वळले. त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्याच फळ्यावर हिमगव्हर, शुककूट, लोंबती दरी, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ आणि अंत्य हिमोढ पांढऱ्या खडूने काढले, आणि यांतले एकही मी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. दरम्यान माझा उजवा गुडघा बदलला गेला, त्यांच्या हृदयाला दोन स्टेंट बसले. तुमचे वय मला ठाऊक नाही; गुडघे मात्र कोवळे दिसतात.

अशा बाईने मार्जरीसमोर काय पाहिले, ते ऐका. जहाज इंजिने मंद करून उभे राहिले. समोर पाण्यातून सरळ उठलेली बर्फाची भिंत, सुमारे ७५ मीटर उंच, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरपेक्षा थोडी बुटकी. आणि रुंदी दीड किलोमीटरच्या वर. शेजारीच ग्रँड पॅसिफिक हिमनदीचे मुख होते, काळे, गाळाने माखलेले, पाहणाऱ्याला वाटावे की ही दरड कोसळली आहे. डेकवरचे सगळे कॅमेरे पांढऱ्या भिंतीकडे वळले होते. मी काळीकडे पाहत होते. ते दगडगोटे डोंगराच्या कुशी खरवडून बर्फाने वाहून आणले होते, आणि इतकी वर्षे मी ज्याला हिमोढ म्हणून शिकवले तो माझ्यासमोर खरा पडला होता, ओला आणि ओबडधोबड. मग मार्जरीच्या डाव्या अंगाकडून एक कपचा सुटला. मी पाहिला तेव्हा तो आवाज न करता घसरत होता. त्याने पाण्यात बुडी मारली, पांढरा फवारा वर चढला, आणि मी "एक, दोन" मोजून तिसऱ्याच्या अर्ध्यावर आले तेव्हा कोठे गडगडाट पोहोचला. म्हणजे आम्ही पाऊण किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर होतो. यजमानांच्या हातातला चहा केव्हाच निवला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला आणि कप कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. काही बोलले नाहीत. भोजबासाहून उतरतानाही ते असेच गप्प होते. एवढे पाहिल्यावर मला कोणी सांगू नये की ती मला भेटली नाही.

जाता जाता एक दुरुस्ती माझ्याकडूनही. आपण "हिमनग कोसळताना" असे लिहिले आहे. कड्यापासून सुटतो तो हिमनदीचा तुकडा असतो; पाण्यात पडून तरंगू लागला की तो हिमनग. नववीला यासाठी एक गुण होता.

आणि चाललोही आहोत. अलास्काच्या राजधानीत, जुनोला, मेंडेनहॉल हिमनदीच्या माहिती केंद्रापासून नगेट धबधब्यापर्यंत जाऊन येऊन सुमारे तीन किलोमीटरांची सपाट वाट आहे. तरुण माणसे ती पाऊण तासात करतात. आम्हाला दोन तास लागले, वाटेतल्या प्रत्येक बाकावर बसत गेलो. १९६२ साली उघडलेल्या त्या केंद्रासमोर आज आधी तळे दिसते आणि बर्फ तळ्याच्या पलीकडे. तो धबधबा ११५ मीटर उंचीवरून पडतो, आणि पडतो तो एका लोंबत्या दरीतून. मुख्य हिमनदीने आपली दरी खोल कोरली, बाजूच्या लहान हिमनदीला तेवढे कोरता आले नाही, म्हणून तिची दरी वरच्यावर अधांतरी राहिली. वर्गात हे समजावताना मी एका बाकावर दुसरा बाक ठेवत असे. एके काळी धबधबा थेट बर्फावर पडायचा, आता काठच्या वाळूवर पडतो. त्या वाळूत मी बूट ओले होईपर्यंत उभी होते, हे लेखात सविस्तर आले आहे. आपल्याला मात्र त्यातले "बसने परतलो" एवढेच दिसले.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देत नाही.

सहली जहाजाकडून घेतल्या, कारण जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबते. आपण स्वतंत्र ठरवलेली उशिरा परतली तर थांबत नाही. जुनोला दुसऱ्या गावाहून येणारा रस्ता नाही, विमान किंवा बोट एवढेच. मागे राहिलो असतो तर पुढचे बंदर आम्ही कसे गाठायचे होते? जास्त मोजलेले पैसे आमचे होते.

निळा रंग चढवलेला नाही. दाबाखाली हवेचे बुडबुडे पिळून निघालेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषतो आणि निळा पुढे जाऊ देतो. फोटो यजमानांच्या साध्या मोबाइलवर काढलेला आहे आणि त्यात रंग कसा चढवायचा हे आम्हा दोघांनाही येत नाही.

व्हिसाबद्दल : सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी परदेशी ध्वजाची जहाजे १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदराला लागतात. आमचे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागले. म्हणून भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा आणि कॅनडाचाही हवा. हे लेखात यायला हवे होते, घालते.

धूर आणि गर्दी यांविषयी आपण चार परिच्छेद लिहिले आहेत. मी एवढेच म्हणेन की बत्तीस हजार वस्तीच्या जुनोने जहाज कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे; त्यांचे गाव ते पाहून घेतील. आपल्या गोमुखाच्या वाटेवरही दिवसाला १५० माणसांची मर्यादा घालावी लागली आहे, आणि तेथे एकही जहाज जात नाही. मुंबईहून डेहराडूनपर्यंत आपण चालत गेला नसाल, असे मी धरून चालते. हा विषय माझ्याकडून येथेच संपला.

माथेरानची आणि व्हिसाची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री होईल. तिसरा भाग केचिकनचा असून तो पुढच्या आठवड्यात येईल. त्यात लाकडी टोटेम खांब आहेत आणि दिवसभराचा पाऊस आहे, हिमनदी नाही, तेव्हा आपण निश्चिंत असावे.

आणि ते फोटो. पाठवतो म्हणाला आहात, तर खरोखरच पाठवा. गंगोत्री ते भोजबासा आम्ही पाहिलेले आहे, तेवढे वगळलेत तरी चालेल. पुढच्या चार किलोमीटरांचे जितके असतील तितके पाठवा. यजमान विचारत होते.