तिकीट डेल्टाचं, पायलट कुणाचा?

अमेरिकेत आतल्या आत विमानाने फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पाहिलं असेलच. तिकिटावर डेल्टा, शेपटीवर डेल्टा, हातात दिलेल्या नॅपकिनवरही डेल्टा. आणि विमानाच्या दाराशेजारी बारीक अक्षरांत भलत्याच कंपनीचं नाव. युनायटेड आणि अमेरिकनचीही तीच तऱ्हा.

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की पायलटांच्या युनियन म्हणजे गलेलठ्ठ पगारवाल्यांची मुजोरी. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. राग माझाही आहे त्या युनियनवर, पण तो त्यांनी जास्त मागितलं म्हणून नाही. त्यांनी फक्त स्वतःपुरतं मागितलं, म्हणून आहे.

आधी व्यवहार समजून घ्या. वेळापत्रक मोठी कंपनी ठरवते, तिकिटं तीच विकते, भाडंही तिचंच. छोटी, म्हणजे रीजनल कंपनी बहुतेक वेळा फक्त माणसं आणि विमान चालवून देते आणि फेरीमागे ठरलेले पैसे घेते. मुंबईकरांना हे चटकन कळेल. बेस्टच्या वेट लीज बसवर नाव बेस्टचं, कंडक्टर बेस्टचा, पण बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे. 2023 च्या ऑगस्टमध्ये हेच ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले तेव्हा कित्येक प्रवाशांना पहिल्यांदा कळलं की रोज आपल्याला नेणारा माणूस बेस्टचा नव्हताच.

आता युनियनची बाजू. काम असं बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी आपल्या करारात एक कलम घालून घेतलं. त्याला ते ‘स्कोप’ म्हणतात. बाहेरच्या कंपनीने किती मोठं विमान उडवायचं याची मर्यादा त्यात असते. आज ती साधारण 76 आसनं आणि 86,000 पौंड वजन अशी आहे, शिवाय किती विमानं ठेवायची यावरही बंधनं. हे कलम नसतं तर 100 आणि 130 आसनांची विमानंही कधीच कंत्राटात गेली असती, हे मी मान्य करतो. 2001 नंतर या लोकांनी काय सोसलं तेही विसरत नाही. डेल्टाच्या पायलटांनी 2004 मध्ये 32.5 टक्के पगारकपात घेतली, पुढे दिवाळखोरीत त्यांची पेन्शनही गेली. पोळलेली माणसं आहेत ती.

या कलमाचा जोर किती, तर विमानं त्याच्या मापाने कापली जातात. युनायटेडने 2019 मध्ये सीआरजे-550 आणलं. सांगाडा 70 आसनी सीआरजे-700 चाच, पण आसनं 50, कारण त्याहून मोठ्या विमानांची संख्या करारात बांधलेली. आत शिरल्यावर जिथे माणसं बसायची तिथे बॅगा ठेवायची कपाटं आणि खाऊचं टेबल दिसतं. बसायला प्रशस्त आहे, यात शंका नाही. पण ही रचना इंजिनिअरने प्रवाशाकडे बघून केलेली नाही, ती करारातल्या आकड्याकडे बघून केलेली आहे. जपानच्या मित्सुबिशीचं स्पेसजेट या वजनमर्यादेत बसेना. इतरही अडचणी होत्याच, पण हीही एक मोठी होती. 2023 मध्ये तो अख्खा प्रकल्प गुंडाळला.

म्हणजे विमानाचं माप काढायला युनियनने कसर ठेवली नाही. पण ते विमान चालवणाऱ्या माणसाचं काय?

कॉमएअर आठवते का कुणाला? सिनसिनाटीची कंपनी, डेल्टाने विकत घेतलेली. म्हणजे मालक एक. युनियनही एकच, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, ज्याला सगळे आल्पा म्हणतात. 2000 च्या सुमारास कॉमएअर आणि एएसए या डेल्टाच्याच दोन रीजनल कंपन्यांच्या पायलटांनी मागणी केली की आमची आणि डेल्टाची सीनियॉरिटी यादी एक करा. पायलटाच्या आयुष्यात सीनियॉरिटी नंबर म्हणजे सर्वस्व. कुठलं विमान, कुठला बेस (म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ), दिवाळीला किंवा ख्रिसमसला घरी की आकाशात, सगळं त्या नंबरावर ठरतं. आल्पाने मागणी फेटाळली. मग यातल्याच काही पायलटांनी आपल्याच युनियनला कोर्टात खेचलं. ज्या संघटनेला वर्गणी देतोय तिच्याविरुद्ध वकील लावायची वेळ आली!

2001 च्या मार्चमध्ये कॉमएअरचे पायलट पगार, निवृत्तिवेतन आणि विश्रांतीच्या तासांसाठी संपावर गेले. 89 दिवस एकही विमान उडालं नाही. चांगला करार मिळाला. पण तिथूनच कंपन्यांना धडा मिळाला की एकाच रीजनलवर अवलंबून राहायचं नाही, चार-पाच ठेवायच्या आणि एकमेकींशी झुंजवायच्या. 2012 मध्ये डेल्टाने कॉमएअर बंदच करून टाकली.

ही झुंजवायची पद्धत सगळ्यात उघडी पडली ती अमेरिकन एअरलाइन्सकडे. पीएसए, पीडमॉन्ट आणि एन्व्हॉय या तिन्ही रीजनल तिच्याच पूर्ण मालकीच्या. 2013 मध्ये पीएसएच्या पायलटांनी सवलती दिल्या, त्यांना नवी विमानं मिळाली. 2014 मध्ये एन्व्हॉयच्या पायलटांनी तसल्याच सवलतींना नकार दिला, तर नवी विमानं दुसरीकडे गेली. आणि या तिन्ही ठिकाणचे पायलट आल्पाचेच सभासद! एकाच युनियनची माणसं एकमेकांचे दर पाडत होती आणि वर बसलेली संघटना दोन्हीकडून वर्गणी घेत होती. याला मी संघटना म्हणत नाही.

माझ्या मावसभावाचा मुलगा न्यू जर्सीत वाढला, तिथेच पायलट झाला आणि काही वर्षं एका रीजनलमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होता. बेस दुसऱ्या राज्यात. विमानतळाजवळच्या एका फ्लॅटमध्ये बंक टाकलेले, प्रत्येकाला पडदा लावलेला एक बंक, फ्रिजमध्ये नाव लिहिलेले डबे. त्याला क्रॅशपॅड म्हणतात. मी एकदा त्याला सोडायला गेलो तेव्हा भर दुपारी दोन मुलं गणवेशाची पँट घालूनच झोपली होती. मी विचारलं, इथे नीट झोप होते का रे? तो म्हणाला, “काका, तुम्ही कुठे राहता, कसे येता, हा तुमचा प्रश्न, असं कंपनी म्हणते. आणि युनियनची मीटिंग मोठ्या विमानांच्या पगारावर चालते.”

त्याआधीची 12 फेब्रुवारी 2009 ची रात्र. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कॉन्टिनेंटल कनेक्शनचं फ्लाइट 3407. तिकीट कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीचं, उडवत होती कोलगन एअर ही रीजनल. फर्स्ट ऑफिसर सिएटलला आईवडिलांकडे राहायची, आदल्या रात्री मालवाहू विमानांतून प्रवास करत ती नेवार्कला पोचली होती. कॅप्टनने रात्र क्रू रूममध्ये काढली होती. उतरायच्या आधी वेग कमी झाला, स्टॉलची, म्हणजे पंख आता विमान तोलून धरणार नाहीत अशी, सूचना आली, कॅप्टनने नाक खाली घ्यायला दांडा पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. विमानातले 49 आणि जमिनीवरच्या घरातला एक, अशी 50 माणसं गेली. चूक कॅप्टनची, हे चौकशीने स्पष्ट सांगितलं. पण त्या काळी रीजनलच्या नव्या फर्स्ट ऑफिसरला वर्षाला 20 हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. त्या पैशांत नेवार्कजवळ घर कोण घेणार?

त्यानंतर जे बदललं ते मृतांच्या नातेवाइकांनी बदलून घेतलं. ती माणसं वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा गेली, खासदारांच्या दारात बसली. 2010 चा कायदा झाला, 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारण 1,500 तासांचा अनुभव लागू लागला, विश्रांतीचे नियम कडक झाले. पायलट कमी पडू लागले आणि 2022 मध्ये अमेरिकनच्या त्याच तीन रीजनलमध्ये नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला 90 डॉलरवर गेला. मला याचा मनापासून आनंद आहे. पण टंचाईने आलेला पगार टंचाई संपली की परत जाऊ शकतो. यादीतला नंबर तसा जात नाही.

आपल्याकडेही हे झालंय. 2012 मध्ये एअर इंडियाच्या पायलटांचा 58 दिवसांचा संप झाला, त्याचं मुख्य कारण होतं नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्समधून आलेल्या पायलटांना मिळणं. कंपन्यांचं विलीनीकरण 2007 मध्येच झालं होतं. संघटनांचं झालं नव्हतं.

डेल्टाच्या पायलटांनी 2023 च्या करारात 34 टक्के वाढ मिळवली. हक्काची होती ती. तो करार 2026 च्या अखेरीस पुन्हा चर्चेला खुला होतो. एंडेव्हर एअर ही रीजनल आज पूर्णपणे डेल्टाच्या मालकीची आहे, तिचे पायलट आल्पाचेच आहेत. त्यांना डेल्टाच्या यादीत घ्या. सगळ्यात तळाशी घ्या, कुणाचा नंबर खाली जायला नको. 76 आसनांची विमानं त्याच यादीतून उडवा. स्कोपसाठी जेवढी ताकद लावता त्याच्या निम्मी जरी इथे लावलीत, तरी ही मागणी मान्य करून घेता येईल.